लिंबाच्या रसानंतरची रेघ

११ जून

प्रिय मुंगे,

आज कपडे वाळत घालताना, काही कारण नसताना, जेवणघरातलं ते उंच स्टूल आठवलं. आपण बोर्डिंगात नववीत असू. जेवताना कुणी बोलायचं नाही, चमच्यांचा आवाजसुद्धा बेतानं, आणि एका मुलीनं त्या स्टुलावर बसून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचं. बुधवार तुझा. मंगळवारपासूनच तू पान घोकत बसायचीस. दारातून कपाट आत नेताना अडकावं तसे तुझे शब्द ओठांशी अडायचे आणि मागच्या बाकावरच्या दोघी खुसखुसायच्या. शेवटी एकदा मीच उठले आणि म्हटलं, "सिस्टर, हिचा घसा बसलाय, मी वाचते." सिस्टरनी चष्म्यावरून बघितलं. कुणाचा घसा किती बसलाय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण म्हणाल्या, "बैस."

त्यानंतर शाळा संपेपर्यंत तुझा घसा दर बुधवारी बसत राहिला, मला 'रेडिओ' हे नाव पडलं, आणि माझ्या वाट्याचा एक उकडलेला बटाटा तू एप्रनच्या खिशात गरम दाबून ठेवायचीस. तुझ्या खिशातले इतके बटाटे खाल्ल्यावर मी तुझीच वहिनी झाले यात नवल ते काय! तुझा दादा अजून सांगतो, तुला भेटायला आला होता, खिडकीतून माझं वाचन ऐकलं, आणि "आधी आवाज पसंत केला, चेहरा नंतर."

आता मुद्द्याचं. मी घरी आले. मार्चमध्ये गळ्यातली गाठ आणि तिच्याबरोबर सगळी थायरॉइड काढली तेव्हा वाटलं होतं, सुटलो. पण उरलंसुरलं जाळायला हे किरणोत्सारी आयोडीन घ्यावंच लागलं. शिशाच्या जड डबीतून एक एवढीशी कॅप्सूल निघाली. ती गिळली आणि सगळे खोलीबाहेर गेले, दार बंद. जेवण आणणारी बाई ताट दाराशी ठेवून अशी पळायची, जणू आत वाघीण आहे. डॉक्टरांना म्हटलं, आता मी खरीच रेडिओ झाले, माझ्यातून लहरी निघतात. ते हसले नाहीत.

तू पाठवलेल्या लिंबाच्या गोळ्यांनी तारलं मला. चिठ्ठीत लिहिलं होतंस अगदी तसं केलं. कॅप्सूल पोटात गेली की लगेच गोळी तोंडात, एक संपली की दुसरी, म्हणजे लाळ वाहती राहील आणि आयोडीन लाळेच्या ग्रंथींत मुरून बसणार नाही. रात्री गजर लावून उठत होते. जीभ सोलून निघाली बाई, पण वन्संची आज्ञा मोडायची म्हणजे काय! निघेपर्यंत डबा रिकामा. तिथल्या मुलीनं त्यावर यंत्र फिरवून बघितलं आणि म्हणाली, न्या घरी. निळा सुरेख डबा आहे. धुऊन त्यात बटणं ठेवलीत.

संध्याकाळी पुन्हा वाचन सुरू केलं. दीपगृहावरच्या माणसाच्या त्या कादंबरीचा पहिला भाग संपत आलाय, अजून दोन बाकी. तुझ्या दादाच्या डोळ्यांचा मधला भाग आता साफ गेला. कडेकडेचं दिसतं, पण अक्षर नाही. जन्मभर पुलांचे नकाशे काढलेला माणूस, सरळ रेघ दिसत नाही म्हणून चिडतो. वाचायला बसले की मात्र शांत होतो. काल म्हणाला, "हा दिवेवाला अजून जिनाच चढतोय का गं? मी असतो तर एव्हाना लिफ्ट बसवली असती."

त्याला एकदा फोन कर ना.

तुझी,
रेडिओ


२० जून

प्रिय रेडिओ,

तू घरी आलीस. पत्र दोनदा वाचलं.

वाघीण वगैरे काही नाही. त्या आयोडीनचा जोर आपोआप ओसरत जातो. एव्हाना तू मांजर झाली असशील.

पाणी भरपूर पी. कानाच्या पुढून गालांवरून खाली, आणि हनुवटीच्या कडेनं, बोटांनी हलकेच चोळत जा. सकाळी आणि जेवणानंतर. कंटाळा करू नकोस. गोळ्या वेळेवर घेतल्यास हे फार बरं केलंस. माझ्या सगळ्या पेशंटांना मी तेच सांगत आले.

निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी सकाळी उठले की कानांना इस्पितळातल्या स्कॅनच्या कॅमेऱ्याची ती घरघर हवी असते. आता फक्त फ्रिज घरघरतो. त्याच्यासमोर कुणी निजत नाही.

फोनचं म्हणतेस. तुला माहीत आहे. समोर माणूस असला तर माझं तोंड बघून तो थांबतो तरी. फोनवर लोकांना वाटतं लाइन तुटली, आणि ठेवून देतात. दादा ठेवणार नाही, पण माझं अडकणं ऐकत बसेल. मला ते नको. त्याला म्हणावं, मुंगी पत्र लिहिते. तू वाचून दाखव.

दिवेवाला वर पोचला की कळव.

मुंगी


४ ऑक्टोबर

प्रिय मुंगे,

मध्ये तीन महिने मी हवापाण्याचं लिहीत राहिले, कारण खरं लिहायला हात होत नव्हता.

माझं तोंड वाळलंय. तहान लागल्यासारखं नाही, पाणी प्यायलं की भागते ती तहान. हे वेगळंच. पाव तोंडात घातला की भिंतीला गिलावा बसावा तसा टाळूला चिकटतो, मग पाण्याच्या घोटानं सोडवायचा. काही खायला लागलं की कानापुढं गाल टरारून फुगतात, दुखतात, आणि तासाभरानं आपोआप उतरतात. तुझा दादा चाचपून म्हणाला, "गोबरी झालीस." सुईत दोरा ओवताना टोक जिभेला लावते, तर ते कोरडंच परत येतं. मागच्या पत्राचं पाकीट मी ओल्या बोटानं चिकटवलंय. तुला कळलं नसेल.

हे सगळं सोसेन गं. पण वाचन! पानभर वाचलं की जीभ चिकटते, प्रत्येक शब्दाला टचटच आवाज होतो. पेला शेजारी ठेवते, दर दोन वाक्यांना घोट. आधी संध्याकाळचं एक प्रकरण व्हायचं, आता दोन पानं. परवा वाचता वाचता बघितलं तर तुझा दादा घोरत होता. मी पुस्तक मिटलं. आणि एवढ्या वर्षांच्या संसारानंतर मला त्याचं खरं घोरणं माहीत नसेल होय? खरं घोरणं असं एकसारखं नसतंच. मला थांबता यावं म्हणून झोपेचं सोंग घेतो तो. मीही फसल्याचं सोंग घेते. दोघं म्हातारे नटनटी, आणि बघायला कुणी नाही.

शेजारच्या मास्तरीणबाईंनी ध्वनिमुद्रित पुस्तकांचं यंत्र आणून दिलं. एक दिवस ऐकलं त्यानं. मग म्हणाला, "ती बाई चुकतच नाही. न चुकणाऱ्या बाईचं ऐकून करायचं काय?" यंत्र परत गेलं.

आता डॉक्टर म्हणतात, लाळग्रंथींचं स्कॅन करू या, त्या किती काम करतात ते कळेल. पुन्हा ते किरणोत्सारी काहीतरी शिरेत टोचणार. मला भीती वाटते. तू त्याच खात्यात आयुष्य काढलंस. मला नीट सांग, काय करतात? आणि त्यातून हे बरं होतं का?

रेडिओ (खरखर जास्त, आवाज कमी)


९ ऑक्टोबर

प्रिय रेडिओ,

भिऊ नको. सगळं सांगते.

दंडाच्या शिरेत एक छोटी सुई. औषधाचं नाव टेक्नेशियम. आयोडीनचा भाऊ नव्हे, फार तर लांबचा भाचा. काही तासांत निघून जातो, काही जाळत नाही. त्याला लाळग्रंथी आवडतात. रक्तातून तो त्यांच्याकडे जाऊन जमतो.

तू उताणी निजशील. डोकं थोडं मागे. कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ येईल, नाकाला लागेल असं वाटेल, लागत नाही. तो उजेड टाकत नाही. तुझ्या आतून जे निघतं तेवढंच टिपतो. पडद्यावर हळूहळू चार ठिपके उजळतात. दोन कानांपुढं, मोठे. दोन हनुवटीखाली, लहान. जितका ठिपका तेजस्वी, तितकी ग्रंथी जिवंत.

मग अर्ध्यात लिंबाचा रस. नळीनं, डोकं न हलवता. आंबट लागताच चांगल्या ग्रंथी साठवलेलं सगळं तोंडात सोडतात. ठिपके विझतात, तोंड उजळतं. संगणक प्रत्येक ग्रंथीची एक रेघ काढतो. भरताना रेघ चढते, लिंबानंतर झपकन उतरते. ती उतरण बघायची असते. बाकी सगळं तयारी.

मी इतकी वर्षं ती उतरण बघत आले. लिंबू दिलं की पेशंटपेक्षा माझ्याच तोंडाला पाणी सुटायचं. आणि एकच वाक्य बोलायचे, "हलू नका, झालंच." ते कधी अडलं नाही. का, माहीत नाही. बहुधा समोरचा माणूस माझ्याहून घाबरलेला असायचा.

तू विचारलंस, यातून बरं होतं का. नाही. यातून कळतं. आम्ही बघणारी माणसं, बरी करणारी नव्हे.

चित्रं आणि रेघा मिळाल्या की मला पाठव. त्यांच्या अहवालाआधी मला बघू दे.

मुंगी


२३ ऑक्टोबर

प्रिय मुंगे,

झालं एकदाचं. चित्रांच्या प्रती सोबत आहेत. मला त्यात ढगाळ आकाशाखेरीज काही दिसलं नाही, तुला दिसेल.

खोली छोटी, गार, आणि छताच्या एका फरशीवर कुणीतरी निळ्या आभाळाचं चित्र चिकटवलेलं. निजणाऱ्याला बघायला. तुमच्याकडे होतं का असं? काम करणारी मुलगी आपल्या लेकीच्या वयाची, केस घट्ट बांधलेले, पायात पांढरे बूट. म्हणाली, "मावशी, दागिने काढा, दात काढा, बाकी काही काढू नका." मी म्हटलं, दात माझेच आहेत. तर म्हणते, "मग राहू द्या, आजकाल मिळत नाहीत तसे." मला बरं वाटलं. जिभेला तिखट मुलगी असली की हाताला हलकी असते. सुई कळलीसुद्धा नाही.

निजल्यावर तिनं माहिती विचारली. आयोडीन केव्हा घेतलं, किती दिवस खोलीत होतात. मग म्हणाली, "आंबट गोळ्या चघळल्या होत्या का? कधीपासून?" मी अभिमानानं सांगितलं, कॅप्सूल गिळली त्याच तासापासून, रात्रीसुद्धा गजर लावून, माझ्या नणंदेनं सांगितलं होतं, ती याच कामातली आहे. ती जरा थांबली. "पहिल्याच तासापासून?" मी म्हटलं, हो. तिनं लिहून घेतलं आणि "बरं" म्हणाली. बघ, तुझ्या सल्ल्याची नोंद झाली कागदावर.

मग कॅमेरा आला नाकापर्यंत. मी मनात म्हटलं, मुंगी आहे पलीकडे. ती म्हणेल, हलू नका, झालंच. आणि हलले नाही.

लिंबाचा रस दिला तिनं नळीनं. इतका आंबट की डोळ्यांतून पाणी आलं. डोळ्यांतून आलं, मुंगे. तोंडातून नाही. मी वाट बघत राहिले. लहानपणी नुसतं लिंबू कापताना बघितलं तरी गालांच्या आत कळ यायची ना, ती येईल म्हणून वाट बघितली. रस टाळूवरून तसाच घशात गेला.

पडदा माझ्या बाजूला नव्हता, मुलीचा चेहरा होता. तिनं त्यावर काही दिसू दिलं नाही. तुमच्यात शिकवतात वाटतं ते. उठताना तिनं माझी चप्पल सरळ करून ठेवली. तेव्हा मला वाटलं, काही खरं नाही.

अहवाल पुढच्या आठवड्यात. पण मला आधी तू सांग. तुझ्या दादाला मी सांगितलंय, "मुंगी बघणार आहे चित्रं, मग काळजी नाही." दुसरा भाग संपत आलाय. दिवेवाल्याची बायको बेटावर येऊन पोचली, आणि आली तशी भांडतेय.

तुझी,
रेडिओ


१९ नोव्हेंबर

प्रिय रेडिओ,

तुझी दोन पोस्टकार्डं आली. उत्तर दिलं नाही. एव्हाना तुझा अहवाल आला असेल. तरी मी बघितलं ते सांगते, सांगेन म्हटलं होतं.

कानांपुढचे दोन्ही मोठे ठिपके नाहीत. उजवीकडे धूर असावा तेवढं. डावीकडे तेवढंही नाही. हनुवटीखालचे दोन आहेत, फिके. चारही रेघा जमिनीला धरून चालतात. लिंबाच्या रसाची वेळ खुणेनं दाखवली आहे. त्या खुणेनंतर मी रेघ उतरायची वाट बघत बसले. चित्र कागदावर छापलेलं. ते हलणार नाही हे मला कळत होतं. तरी बसले.

आधी वाटलं, छपाई वाईट असेल. भिंग घेतलं. खिडकीपाशी नेलं. पेशंटांचे नातेवाईक असंच करायचे, मला हसू यायचं.

दुसरं सांगायचं ते कठीण आहे. तू लिहिलंस, मुलगी थांबली. "पहिल्याच तासापासून?" ते वाचून मी माझ्या जुन्या खात्यात फोन केला. मी. फोन. पलीकडच्यानं दोनदा ठेवला. तिसऱ्यांदा माझ्या हाताखालची मुलगी आली, तिनं अडकणं ओळखलं. म्हणाली, "बाई, तुम्ही? थांबा, सावकाश." मी विचारलं. ती म्हणाली, हल्ली पहिला दिवसभर आंबट देत नाहीत, दुसऱ्या दिवशी सुरू करतात. लाळ सुटली की ग्रंथीकडे रक्त जास्त धावतं, आणि रक्ताबरोबर आयोडीनही. असं काहींचं म्हणणं. काहींचं उलट. नक्की कुणालाच ठाऊक नाही. ती हे तीनदा म्हणाली, नक्की ठाऊक नाही बाई.

मी निवृत्त होण्याआधीच कधीतरी हे बदललं असणार. सूचना भिंतीवर लागली असेल. मी जुनीच सांगत राहिले, तोंडपाठ होती म्हणून.

गजर लावून उठत होतीस तू.



मुंगी


२५ नोव्हेंबर

अगं वेडे,

उलट टपाली लिहितेय, अक्षराला हसू नको.

त्या गोळ्या मी खाल्ल्याच नाहीत. ऐकतेस ना? एकसुद्धा नाही. मळमळत होतं, आंबटाचा वास नको झाला होता. डबा उघडलादेखील नाही, निघताना तिथल्याच कचऱ्यात टाकून आले. गजराचं वगैरे तुला बरं वाटावं म्हणून लिहिलं. एवढ्या लांबून प्रेमानं पाठवलंस, आणि खाल्ल्या नाहीत कसं सांगायचं? त्या मुलीलाही तेच ठोकून दिलं, एकदा बोलले ते निभवायला. शाळेत सिस्टरना थापा मारायला मीच पुढे असायचे, विसरलीस? तेव्हा हे खूळ डोक्यातून काढ. जे झालं ते आयोडीननं केलं, आणि आयोडीननं गाठीचंही काम केलं. डॉक्टर म्हणाले, गळा स्वच्छ आहे. जीव वाचला त्याची किंमत थोडी थुंकी, असं मी सगळ्यांना सांगत सुटलेय.

अहवालात तू म्हणालीस तेच आहे, फक्त लांबलचक. मी डॉक्टरांना विचारलं, परत येईल का? ते म्हणाले, खालच्या दोन थोडं काम करतील, वरच्यांची आशा धरू नका. मग टेबलावरची पेन्सिल सरळ करत बसले. चांगला माणूस आहे. त्यालाही काही करता येत नाही. फवारा दिलाय तोंडात मारायचा, तो पाचेक वाक्यांपुरता पुरतो.

तुझ्या दादाला सांगितलं. त्यानं पुस्तक चाचपून बाजूला सारलं. मग म्हणाला, "दिवेवाल्याचं राहू दे. मला तसाही तो आवडत नव्हता." मुंगे, त्याला ती कादंबरी इतकी आवडते की सकाळी दाढी करताना त्या बायकोची बाजू घेऊन भांडतो. आता संध्याकाळी आम्ही दोघं नुसते बसतो. तो त्याच्या कडेच्या नजरेनं खिडकी बघतो. मी पुस्तकाकडे बघते. घड्याळ तेवढं बोलतं.

तुला दोष देण्यासारखं काही नाही. नाहीच.

तुझी,
रेडिओ


४ डिसेंबर

प्रिय रेडिओ,

तुझं म्हणणं मी मानलं. पुन्हा विचारणार नाही.

फवाऱ्याच्या दुसऱ्या प्रकारच्या बाटल्या पाठवल्या आहेत. जास्त वेळ टिकतो म्हणतात. रात्री उशाशी पाणी. दातांना जप, कोरड्या तोंडात लवकर किडतात. तुझे स्वतःचे आहेत.

इथून मला एवढंच करता येतं. बाटल्या पाठवणं. आयुष्यभर काचेच्या या बाजूला बसले, पेशंट त्या बाजूला. तेव्हा वाटायचं, माझं काम चोख आहे. आता रोज सकाळी तुझ्या त्या चार रेघा काढून बघते आणि परत ठेवते. दुसरं काय करू, सांग. करीन.

बटणांचा निळा डबा मात्र टाकू नकोस. चांगला आहे.

मुंगी


२ फेब्रुवारी

प्रिय मुंगे,

तुझं पत्र दोन महिने उशीखाली होतं. डब्याची ती शेवटची ओळ वाचली. पहिल्यांदाच असं झालं की रेडिओ बंद. तू मानलंस म्हणालीस ना, मग आपण दोघींनी ते मानलेलंच ठेवू. नटनटींत आणखी एक.

बाटल्या चांगल्या आहेत. पण वाचन गेलं. मी खूप करून बघितलं. फवारा, पाणी, तोंडात लोण्याचा गोळा, सगळं. परवा चार ओळी वाचल्या आणि पाचव्या ओळीला आवाज असा फाटला की तुझा दादा उठून माझ्यापाशी आला, चाचपत, खुर्चीला अडखळत. पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं आणि उलटं कपाटात ठेवलं. त्याला दिसलं नाही उलटं आहे ते. मी सरळ केलं नाही.

तेव्हा आता, माझ्याच्यानं होत नाही ते वाटून टाकायला बसलेय. मरत नाहीये, घाबरू नको. डॉक्टर म्हणतात अजून पुष्कळ जगाल. फक्त जे तोंडाला लागायचं ते आता दुसऱ्यांच्या तोंडी लागू दे.

काचेचा लिंबूपिळा शेजारच्या मास्तरीणबाईंना. त्यांच्या झाडाला लिंबं धरतात, आणि अजून त्यांना आंबटाची कळ येते.

माउथ ऑर्गन, तुझ्या दादानं लग्नानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला मला दिलेला, आपल्या लेकीला. तिला येत नाही वाजवता, पण लहान असताना तिनं तो चावला होता, एका कोपऱ्यावर दात उमटलेत.

पाहुण्यांसाठी जपून ठेवलेला कडक बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा, आतल्या बिस्किटांसह, स्कॅनच्या खोलीतल्या त्या तिखट मुलीला. गेल्या आठवड्यात तपासणीला गेले तेव्हा देऊन आले. म्हणाली, "मावशी, लाच कसली ही? आता तर चित्रं काढून झाली." मी म्हटलं, चप्पल सरळ केलीस त्याची. तिला आठवत नव्हतं.

पाकिटं चिकटवायचा ओला स्पंज मी ठेवून घेतेय. पत्रं थांबायची नाहीत.

निळा डबा तुला. बटणांसकट. त्यात एप्रनची दोन पांढरी बटणंही आहेत, शाळेतली, कुणाच्या एप्रनची ते विचारू नकोस.

आणि कादंबरी, तिसरा भाग, तुला. आज पार्सल केली. तू विचारलंस, दुसरं काय करू. हे कर. संध्याकाळी दिवे लागले की दादाला फोन कर आणि वाच. तू फोन करू शकतेस, मला आता माहीत आहे. दोनदा ठेवला तरी तिसऱ्यांदा केलास. इथं कुणी ठेवणार नाही. त्याला न चुकणाऱ्या बाईचं ऐकायचं नाहीये, हे तो स्वतःच्या तोंडानं बोललाय. मी अजून त्याला काही सांगितलेलं नाही. नाही जमलं तर नाही सांगणार. पण फोन मी त्याच्या खुर्चीपाशी हलवून ठेवलाय, आणि त्यानं विचारलं, "हा इथं कशाला?" मी म्हटलं, असू दे.

खूण घातली आहे तिथून सुरू कर. दिवेवाल्याची बायको होडीत बसलीय, वारा पडलाय, आणि तो वरून बघतोय, त्याला काही करता येत नाही. तिथं अडकलोय आम्ही.

शब्द अडला तर ढकलू नकोस. थांब. तोही थांबेल. मी शेजारी बसलेली असेन, पाण्याचा पेला घेऊन. आज बुधवार आहे, वाचायची पाळी तुझी.

तुझी,
रेडिओ